गाडीतून जळक्या रबराचा वास येतोय? या चुका टाळा

गोव्यातल्या केरीहून चोर्ला घाट चढून गाडी वर थांबवली की कधीकधी करपट, रबर जळल्यासारखा वास येतो. पहिली चूक तिथेच होते. काचा वर जातात, एसीचा वारा वाढतो, सुगंधी फवारा मारला जातो आणि प्रवास पुढे सुरू राहतो. नेमका बिघाड सांगणारा वास असा झाकून टाकला, की मेकॅनिकला अंदाजाने एकेक पार्ट बदलण्याशिवाय मार्ग उरत नाही.

गॅरेजमध्ये जाऊन 'वास येतो' एवढंच सांगू नका. वास गाडी सुरू करताच येतो की अर्ध्या तासाने? चढावर येतो, उतारावर येतो की सपाट रस्त्यावरही? एसी लावल्यावर वाढतो का? सुरक्षित जागी गाडी थांबवा, खाली उतरून चारही चाकांपाशी आणि बॉनेटपाशी वास घ्या. तळहात रिमजवळ धरा, पण रिमला लावू नका. एकच चाक इतरांपेक्षा खूप तापलेलं असेल, तर तिथला ब्रेक बहुधा धरून राहिला आहे. पुढची दोन्ही चाकं सारखीच तापली असतील आणि आत्ताच घाट उतरला असाल, तर बहुतेक वेळा दोष गाडीचा नसतो, ब्रेक सतत दाबून उतरल्याचा असतो. ज्या गियरने घाट चढता, साधारण त्याच गियरने उतरा.

एकाच चाकाचा ब्रेक धरणं हे गोव्यात नेहमीचं दुखणं आहे, कारण इथला चार महिन्यांचा पाऊस आणि किनाऱ्याची खारी हवा. कॅलिपर, म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या डिस्कवर पॅड दाबणारा भाग, ज्या पिनांवर सरकतो त्या गंजतात, मग पाय काढला तरी पॅड डिस्कला घासतच राहतो. अशा वेळी फक्त पॅड बदलून घेणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक, कारण नवे पॅडही तसेच जळतात. पिना काढून साफ करून घ्या आणि त्यांना ब्रेकसाठीचंच ग्रीस लावायला सांगा. साध्या ग्रीसने तिथले रबर फुगतात आणि पिना पुन्हा अडकतात. पिना ठीक असतील तर पॅड ढकलणारा पिस्टन आणि ब्रेकचा रबरी पाइप तपासा. जुना पाइप आतून सुजला की तेल मागे परतत नाही आणि ब्रेक सुटत नाही. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं आणि उकळायला लवकर लागतं, म्हणून आपल्या दमट हवेत ते साधारण दोन वर्षांनी बदलणं मला अत्यावश्यक वाटतं.

पावसाळ्यात गाडी अनेक दिवस हँडब्रेक ओढून ठेवली तर मागच्या चाकांच्या ब्रेक ड्रममध्ये ब्रेकचे लायनर गंजून चिकटतात. सपाट जागी गाडी गियरमध्ये ठेवा आणि चाकाला दगड लावा. तापलेल्या चाकावर पाणी मात्र ओतू नका. डिस्क वाकते, क्वचित तडाही जातो.

वास चाकांपाशी नाही, पण गियर टाकून चढताना येतो? मग क्लच. हा वास खरं तर जळक्या कागदासारखा असतो, पण बरेच जण त्याला रबरच म्हणतात. पणजीतल्या आल्तिनोची चढण, ओहोटीच्या वेळी फेरीबोटीचा उतरता रॅम्प, चवथीच्या आदल्या दिवशी मांडवी पुलावरची रांग, अशा ठिकाणी अर्ध्या क्लचवर गाडी धरून ठेवली की प्लेट जळते. हँडब्रेक वापरा. एएमटी (क्लच पेडल नसलेल्या, आपोआप गियर बदलणाऱ्या) गाडीवाल्यांना तर कळकळीने सांगावंसं वाटतं: आत क्लच प्लेटच आहे, चढावर अ‍ॅक्सिलरेटर देऊन गाडी उभी धरू नका, ब्रेक दाबा. एकदा आलेला वास थंड झाल्यावर जात असेल तर घाबरू नका. पण चौथ्या गियरमध्ये इंजिनाचा आवाज चढतो आणि वेग वाढत नाही, तर प्लेट संपली.

बॉनेटपाशी वास, त्यात सकाळी ओल्या हवेत चीं-चीं आवाज, असा योग जुळला तर इंजिनाचा बेल्ट घसरतोय. त्यावर पावडर, साबण किंवा कसला स्प्रे मारून आवाज बंद करू नका. इंजिन बंद आणि थंड असताना बेल्ट बघा. चकाकी आलेल्या किंवा भेगा पडलेल्या धारी दिसल्या तर तो बदलायचा. पण नुसता बेल्ट बदलून निघू नका. टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारं चाक) आणि पुली हाताने फिरवून बघायला सांगा, कारण एखादं बेअरिंग जाम असेल तर नवा बेल्टही जळेल. एसी लावताच वास वाढतो, तर कॉम्प्रेसरच्या क्लचकडे संशय न्या. बॅटरीचा लाल दिवा लागला किंवा तापमानाचा काटा चढला, तर गाडी पुढे न्यायची नाही.

सोपी कारणंही विसरू नका. सायलेन्सरला चिकटलेली प्लास्टिकची पिशवी, इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या गरम मॅनिफोल्डवर गळणारं इंजिन ऑइल, भरलेल्या गाडीत मडगार्डला घासणारा टायर. पावसात उंदीर इंजिनावर घरटं करतात, तेही पेटू शकतं.

वास जर प्लास्टिकसारखा उग्र असेल, तर वायरिंग. सतत उडणाऱ्या फ्यूजच्या जागी मोठ्या अ‍ॅम्पिअरचा फ्यूज घालू नका, मग फ्यूजऐवजी वायर जळते. ६०/५५ वॉटच्या जागी १००/९० वॉटचे बल्ब रिलेशिवाय (जास्त वीज वेगळ्या वायरने देणाऱ्या स्विचशिवाय) लावणंही तसंच. डॅशबोर्डमधून किंवा बॉनेटमधून धूर दिसला तर गाडी बाजूला घ्या, इग्निशन बंद करा, सगळ्यांना उतरवून लांब न्या. बॉनेट सताड उघडू नका, आत हवा गेली की आग भडकते. ११२ वर फोन करा.