चौथी-पाचवीच्या पोरांना अमेरिकेचा इतिहास शिकवायचा तर आधी कागद द्या, उत्तर नको

सुरुवात अमेरिकेपासून करूच नका, अजिंठ्यापासून करा. जळगाव-भुसावळकडच्या शाळांची सहल कधी ना कधी तिकडे जातेच. दहा नंबरच्या लेणीत एका खांबावर जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने स्वतःचं नाव कोरून ठेवलंय, तारीख २८ एप्रिल १८१९, आता पुसट झालंय पण आहे. गंमत म्हणजे ते नाव आपला हात पोहोचणार नाही इतकं वर आहे. पोरांना एवढंच विचारायचं की एवढ्या वर लिहिलं कसं असेल? मग शिडी, कोणाच्या तरी खांद्यावर बसून, घोड्यावर उभा राहून (तो घोडदळातलाच होता म्हणा) असं सगळं येतं, येऊ द्या, घाई करू नका. कोणीतरी बोलतंच की सर, तेव्हा खाली माती भरलेली असेल. बरोब्बर, लेणीत दगडमातीचा थर साचलेला होता आणि तो त्याच्यावर उभा होता. लगेच दुसरा प्रश्न टाकायचा, याच्या आधी ही लेणी आसपासच्या गावच्या लोकांना, गुराख्यांना माहीतच नव्हती का? माहीत होती ना, मग लेणी शोधली म्हणून नाव याचंच का राहिलं?

हा प्रश्न पोरांच्या डोक्यात फिरायला लागला की अमेरिकेकडे वळा. हे सिलॅबसमध्ये कुठंय असं कोणी विचारेल, तर नाहीये, शनिवारचा एखादा मोकळा तास घ्यावा लागतो. तरी अमेरिकाच का, तर माझं मत असं की लांबच्या गोष्टीत पोरांची बाजू आधीच ठरलेली नसते. आपल्याकडचा काही विषय काढला की घरी जे ऐकलंय तेच पोर वर्गात बोलतं. तिकडचं कोण आपलं कोण परकं हे माहीतच नसल्यामुळे ते खरंच कागद बघून बोलतं.

सालं मात्र आधी आपल्या खुंटीला टांगून द्या, नाहीतर १६०० काय नि १८०० काय, त्यांना सगळं सारखंच. चौथीच्या पोराला १६३० म्हणजे महाराजांचा जन्म हे पाठ असतं. अमेरिकेत प्लिमथला इंग्रजांचं जहाज लागलं १६२० ला, म्हणजे दहा वर्षं आधी. आणि १६०८ ला हॉकिन्स नावाचा इंग्रज जहाज घेऊन सुरतेला उतरला, जिथे आपलीच तापी समुद्राला मिळते, तेव्हा त्याच इंग्रजांची दुसरी माणसं अमेरिकेत व्हर्जिनियाला जाऊन राहिलेली होती. फळ्यावर एक आडवी रेघ मारून हे तीन आकडे लिहिले तरी पुरतं.

कोलंबसवर जास्त वेळ घालवू नका. १२ ऑक्टोबर १४९२ ला तो बेटावर उतरला, तिथे टाइनो लोक आधीपासून राहत होते, आणि त्याची मूळ रोजनिशी हरवलीय, आपल्याला मिळते ती नंतर लास कासास नावाच्या पाद्र्याने उतरवून घेतलेली. उतरवताना काय गाळलं, काय ठेवलं असेल, एवढं विचारून पुढे जा. हां, मिरची, शेंगदाणे, मका हे सगळं तिकडून आलंय हे सांगाच, त्याच्या आधी खान्देशात भरीत कसं करत असतील यावर वर्ग जो पेटतो तो पेटतो.

खरा वेळ द्यायचा तो दुसऱ्या जॉन स्मिथला. (नाव तेच, माणूस वेगळा, दोनशे वर्षं आधीचा, व्हर्जिनियाला गेलेल्या इंग्रजांपैकी. पोरांना हे फार आवडतं, पण घोळही होतो म्हणून एकाला अजिंठ्याचा नि दुसऱ्याला व्हर्जिनियाचा म्हणा.) १६०७ च्या डिसेंबरात तिथल्या लोकांनी त्याला पकडून त्यांचा मोठा राजा पोहाटन याच्यासमोर नेलं. याच्या दोन हकिकती आहेत, दोन्ही स्मिथच्याच नावावर. एकीत राजाने चांगलं स्वागत केलं, खायला दिलं, बोलणं झालं. दुसरीत त्याचं डोकं दगडावर ठेवलं, लोक सोटे घेऊन उभे, आणि राजाची लहान मुलगी पोकाहॉन्टस मध्ये पडून त्याला वाचवते.

दोन्ही हकिकती पाच-सहा ओळींत तुम्ही स्वतः साध्या मराठीत लिहा, स्वतःचं काही घुसडू नका, दुष्ट, शूर, बिचारा असे शब्द तर नकोच. दोन कार्डं करा, झेरॉक्स काढा, प्रत्येक गटाला दोन्ही द्या, पण साल लिहू नका. कोणती खरी वाटते आणि का हे विचारा. बहुतेक गट पोकाहॉन्टसवाली उचलतात कारण ती पिक्चरसारखी आहे. आता सालं सांगा, स्वागतवाली छापली १६०८ ला, सोटेवाली १६२४ ला. मग थोडं थांबून सांगा की पोकाहॉन्टस १६१७ ला इंग्लंडमध्ये वारली आणि पोहाटन १६१८ ला. म्हणजे दुसरं पुस्तक आलं तेव्हा 'असं झालंच नाही' म्हणायला दोघांपैकी कोणी जिवंत नव्हतं.

इथे वर्ग ओरडतो की फेकतोय तो! आणि इथेच बरेच शिक्षक धडा संपवतात, पण थांबा, कारण 'खोटं बोलला' हेही घाईचंच उत्तर आहे. १६०८ चा मजकूर लंडनमध्ये छापला तेव्हा स्मिथ स्वतः व्हर्जिनियात होता आणि छापणाऱ्याने काही भाग गाळला होता, मग गाळलेल्यात काय होतं? काही अभ्यासक म्हणतात की प्रसंग घडला असेलही पण तो मारायचा नव्हता, परक्याला आपल्यात घ्यायचा विधी होता आणि स्मिथला तो कळलाच नाही. पोरांनी वहीत 'मला वाटतं अमुक, कारण तमुक' एवढंच लिहायचं, पण कारणासाठी कार्डातल्या ओळीवर बोट ठेवता आलं पाहिजे.

पुढच्या तासाला प्लिमथ. एडवर्ड विन्स्लो या इंग्रजाने डिसेंबर १६२१ मध्ये पत्र लिहिलंय, त्यात पीक आल्यावरच्या जेवणाचं वर्णन आहे. तिथल्या वॅम्पनॉग लोकांचा राजा मासासॉइट नव्वद माणसं घेऊन आला, तीन दिवस राहिला, त्याच्या लोकांनी पाच हरणं मारून आणली. इंग्रज तेव्हा साधारण पन्नासच उरले होते, पहिल्या हिवाळ्यात निम्मे मेलेले. हे देऊन विचारा, आमंत्रण दिलं होतं असं कुठे लिहिलंय का? नाही लिहिलेलं. पन्नास जणांकडे नव्वद माणसं येतात तेव्हा यजमानाला काय वाटलं असेल? गावजेवण माहीत असलेली पोरं यावर जे बोलतात ते ऐकण्यासारखं असतं. मग टिस्क्वांटम आणा, तिथलाच मूळ रहिवासी, जो इंग्रजांना मका लावायला शिकवतो आणि त्यांच्याशी इंग्रजीत बोलतो. बस, एवढंच सांगून गप्प बसा. कोणीतरी विचारतंच, "सर, त्याले इंग्रजी कोनी शिकाडी?" तेव्हा सांगा की १६१४ ला एका इंग्रज कप्तानाने त्याला पकडून स्पेनला विकायला नेलं, तिथून तो इंग्लंडला पोहोचला, आणि १६१९ ला घरी आला तर पाटुक्सेट हे त्याचं अख्खं गाव साथीने संपलेलं. त्याच जागेवर पुढच्या वर्षी इंग्रजांनी प्लिमथ वसवलं. प्रश्न पोराने विचारला आणि उत्तर मिळालं, हे धड्यात आधीच सांगून टाकलं तर मजा जाते.

आता अडचण अशी की कागद सगळे एकाच बाजूचे, वॅम्पनॉग लोकांनी तेव्हा काही लिहून ठेवलेलं नाही. हे पोरांपासून लपवू नका, उलट त्यांनाच विचारा की मग त्यांची बाजू कुठून कळेल. उत्खननात सापडलेल्या वस्तू, आणि त्यांची माणसं आजही मॅसॅच्युसेट्समध्ये आहेत, ती काय सांगतात ते. त्या जेवणाची आठवण म्हणून अमेरिकेत थँक्सगिव्हिंग हा सण करतात, पण १९७० पासून तिथे त्याच दिवशी मूळ रहिवासी शोक दिन पाळतात. चित्रं दाखवायची तर मोबाईलवर अमेरिकेला गेलेल्या जॉन व्हाइट या इंग्रज चित्रकाराची १५८५ ची चित्रं आणि त्यावरून द ब्री याने केलेली छापील चित्रं शेजारी ठेवा, दुसरा अमेरिकेला कधी गेलाच नव्हता, चेहरे कसे बदलले ते पोरं स्वतःच शोधतात.

एक गोष्ट कृपा करून करू नका, डोक्यात पिसं खोचून नाटक. नंदुरबार-धुळ्याकडे वर्गात भिल्ल, पावरा पोरं असतात, आदिवासी म्हणजे नाचणारा माणूस हे त्यांनी स्नेहसंमेलनात भरपूर बघितलंय.

हे सगळं जमलं की घरी या. १८१८ ला खान्देश इंग्रजांकडे गेला, १८२५ ला औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने भिल्ल पलटण उभी केली, तिचं ठाणं धरणगावला. त्या काळचे इंग्रज कागद भिल्लांना दरोडेखोर म्हणतात. कोणी लिहिलं, कधी, कोणाला दाखवायला, आणि ज्यांच्याबद्दल लिहिलं त्यांना विचारलं होतं का, हेच चार प्रश्न पुन्हा. आजी-आजोबांकडून गाणी, गोष्टी विचारून आणायला सांगा, पण त्यांनाही तेच चार प्रश्न लावा, आजीची गोष्ट आहे म्हणून सूट नाही.

मार्क द्यायचेच असतील तर 'कारण' च्या पुढे जे लिहिलंय त्याला द्या. 'नक्की सांगता येत नाही कारण कार्डात तेवढं लिहिलेलं नाही' असं ज्याने लिहिलं त्याला पूर्ण मार्क, मग पालक वही घेऊन विचारायला आले की उत्तरच लिहिलं नाही तरी दहापैकी दहा कसे, तर त्यांनाही ती दोन कार्डं वाचायला द्या.