पुरातला बैल मातीत घडवताना

बेंदराला कुंभाराकडून येणारा मातीचा बैल चार पायांवर सरळ उभा असतो, कारण तो पूजेचा. गोष्टीतला बैल तसा उभा करून भागत नाही. त्याला काहीतरी नको असलं पाहिजे. सांगलीचाच प्रसंग घेऊ. ऑगस्ट २०१९, कृष्णेचं पाणी गोठ्यात शिरलंय. जिन्यावरून एकजण कासरा ओढतोय, पाण्यात उभी बाई मागून रेटतेय आणि बैल अडलाय.

तो चढला की गोष्ट संपली. म्हणून पुढचा एकच खूर पायरीवर, मान मागे, कान पडलेले. चेहऱ्यावर वेळ घालवू नका. डोळ्याला आगकाडीने खोल भोक पाडलं की सावली पुरते. बाईची पाठ मात्र नीट वाकवा, जोर तिथे दिसतो.

पाणी म्हणजे दीड सेंटिमीटर जाडीची लाटलेली पाटी. बैलाचं पोट तिच्यावर टेकवा आणि मागचे पाय करूच नका, ते बुडालेत. ओल्या मातीचे बारीक पाय अंगाच्या भाराने वाकतात. ती अडचण इथे पुरानेच सोडवली.

आता माती. निव्वळ काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना भेगाळते. नदीकाठचा गाळ पाण्यात कालवून मच्छरदाणीच्या जाळीतून गाळा. आपल्याकडच्या मातीत चुनखडीचे खडे असतात. भाजल्यावर त्यांचा चुना होतो, तो हवेतली ओल शोषून फुगतो आणि चांगल्या भाजलेल्या मूर्तीचाही काही दिवसांनी टवका उडतो. सुक्या मातीवर व्हिनेगर टाका. जोरात फसफसली तर दुसरीकडची माती आणा. तीन भाग मातीत एक भाग फुटक्या कौलांची रव्याएवढी भरड मिसळून मळा. भरडीमुळे आकसणं कमी होतं आणि वाफेला वाट मिळते.

वीतभर लांब बैलाचं अंग वळ्या रचून पोकळ करा, भिंत एक सेंटिमीटरची. पोटाखालून पाटीच्या आरपार पेन्सिलीएवढं भोक हवंच. शिंगं, कान, वशिंड जोडताना दोन्ही भाग सारखेच ओले हवेत: जागा काट्याने ओरखडा, त्याच मातीची राबडी लावा, दाबा. वाळत आलेल्या डोक्याला ओलं शिंग लावलं तर शिंग जास्त आकसतं आणि सांध्यातच सुटतं. जिना आणि पाटी एकाच दिवशी, एकाच मातीची करा.

वर्तमानपत्रावर ठेवून वाळवा, म्हणजे आकसताना पाटी सरकेल. प्लास्टिकखाली दहा-पंधरा दिवस लागतात. एप्रिलच्या उन्हात घाई केली तर कडा उचलल्याच म्हणून समजा. शिंगांना आणि बाईच्या हातांना ओल्या फडक्याच्या पट्ट्या गुंडाळा, ते आधी सुकतात.

गालाला लावून गार लागली तर माती आत ओली आहे, भट्टीत घालू नका. विजेच्या भट्टीत ६०० अंशांपर्यंत तासाला ६०-७० अंशांनीच चढवा, मग ९५० पर्यंत वेग वाढवला तरी चालतो. शंभराखाली उतरल्याशिवाय दार उघडू नका.

कासरा मातीचा करू नका, तुटतोच. वेसणीसाठी आणि माणसाच्या मुठीत ओलेपणीच भोकं ठेवा, सुतळीपेक्षा थोडी मोठी, कारण तीही आकसतात. भाजून झाल्यावर सुतळी ओवून ताठ बांधा. ती सैल पडली तर बैल चढायला तयार झाला असं दिसतं.