स्की-लिफ्टच्या सरकत्या पट्ट्याची तयारी मुंबईतच करून निघा

चेअरलिफ्ट म्हणजे स्की घातलेल्या माणसांना दोरावरच्या खुर्च्यांतून डोंगरावर नेणारी लिफ्ट. तिच्यावर बसायच्या जागी काही ठिकाणी बर्फाच्या पातळीत एक रबरी सरकता पट्टा असतो. दिसायला साधा, पण त्याचं गणित आधी समजून घ्या, म्हणजे पुढची तयारी कशासाठी ते कळेल. साध्या चेअरलिफ्टमध्ये खुर्ची दोराला कायमची आवळलेली असते. ती कोणासाठी थांबत नाही, सेकंदाला साधारण अडीच मीटरने मागून येते. तुम्ही जागीच उभे असाल, तर पोटऱ्यांवर पूर्ण अडीच मीटरचा धक्का बसतो. पट्टा तुम्हाला खुर्चीच्याच दिशेने सेकंदाला ०.८ मीटरच्या आसपास पुढे नेतो, म्हणून खुर्ची टेकते ती १.७ मीटरच्या फरकाने. आपल्या स्टेशनवरचा सरकता जिना सेकंदाला अर्धा मीटर धरला, तर पट्टा त्याच्या साधारण दीडपट जलद. नवशिक्यांच्या उतारावरचा लांब पट्टा, ज्याला सगळे मॅजिक कार्पेट म्हणतात, तो वेगळा. तो थेट वर पोचवतो, तिथे खुर्ची नसते. नियम मात्र दोन्हीकडे एकच: पट्ट्यावर असताना स्वतः चालायचं नाही, घसरायचं नाही, थांबायचं नाही. मुंबईच्या माणसाला हेच जड जातं. सरकत्या जिन्यावरही आपण पायऱ्या चढत असतो, म्हणून तयारीचा मोठा भाग ही घाई अंगातून काढण्याचा आहे.

निघायच्या सहा आठवडे आधी पायांपासून सुरुवात करा. भिंतीला पाठ टेकवून, गुडघे काटकोनात वाकवून, हवेतल्या खुर्चीवर बसल्यासारखं ३० सेकंद राहा. दर आठवड्याला दहा-पंधरा सेकंद वाढवत दीड मिनिटापर्यंत न्या. सोबत सोसायटीचे जिने, आणि चढण्याइतकंच लक्ष उतरण्याकडे, कारण मांडीचा पुढचा स्नायू खरा कामाला लागतो तो उतरताना.

मग प्लास्टिकच्या खुर्चीचा सराव. हा कोणी करत नाही आणि सर्वांत जास्त उपयोग याचाच होतो. गुळगुळीत फरशीवर पावलं समांतर, एक वीत अंतरावर ठेवून उभे राहा. गुडघे सैल, नजर समोर. घरातल्या कोणालातरी हात नसलेली खुर्ची मागून हळू सरकवत आणायला सांगा. खांद्यावरून एकदा मागे बघा, खुर्चीची कड पोटरीला लागली की लगेच खाली बसा. पाऊल पुढे टाकायचं नाही, उडी मारायची नाही. सरकवणाऱ्याने खुर्ची शेवटपर्यंत धरून ठेवायची आणि जोर लावायचा नाही. रोज वीस वेळा केलंत, तर आठवडाभरात शरीर कड लागायची वाट बघायला शिकतं. कड लागायच्या आधी बसणारा खाली पडतो आणि उशिरा बसणाऱ्याला खुर्ची पुढे ढकलते.

विमानतळावर गेटकडे जाताना सपाट सरकता पट्टा लागला, तर त्यावर चालू नका. उजव्या कडेला, हात कठड्याजवळ ठेवून उभे राहा. पाय ठेवताक्षणी पावलं पुढे जातात आणि धड मागे राहतं, ते लक्ष देऊन अनुभवा. स्की घातल्यावर हाच झोका मोठा होतो, कारण घट्ट बुटात घोटा वाकत नाही. त्यासाठी नडगी बुटाच्या जिभेवर दाबून, वजन किंचित पुढे ठेवून पट्ट्यावर यायचं.

कपाटातून मागच्या खेपेचे बर्फाचे बूट काढणार असाल, तर तळवा अंगठ्याने जोरात दाबा आणि बूट मधोमध वाकवा. पॉलियुरेथेनचा तळवा दमट हवेत वर्षानुवर्षं पडून आतून कुजतो. मुंबईत दोन-तीन पावसाळे काढलेला बूट वरून नवा दिसतो आणि बर्फावर पहिल्याच दिवशी त्याचा तळवा तुकड्या-तुकड्यांनी गळतो. गॉगलच्या कडेचा फोमही तसाच तपासा. मोज्यांची एकच लांब, पातळ, लोकरीची जोडी घाला. दोन जोड्या घातल्या की रक्त अडतं आणि पाय उलट जास्त गारठतात.

पट्ट्याच्या दृष्टीने कपड्यांत एकच गोष्ट बघायची: लोंबणारं काही नको. पट्टा शेवटी रुळावरून खाली वळतो आणि तिथे फट असते. ओढणी, लांब मफलर, जॅकेटची नाडी, मोकळी वेणी, मुलांच्या हातमोज्यांना जोडणारी दोरी, हे सगळं आत खोचा. मॅजिक कार्पेटच्या टोकाला सहसा एक झडप असते. काही अडकलं की ती दबते आणि पट्टा थांबतो, पण तिच्या भरवशावर राहू नका. पाठपिशवी रांगेतच काढून पोटाशी घ्या, तिचे पट्टे आत दुमडा. खुर्चीच्या दांड्यात अडकलेला पिशवीचा पट्टा वरच्या ठाण्यावर उतरताना माणसाला सोडत नाही.

कुठे जाताय त्यावर बाकीचं ठरतं. दुबईच्या मॉल ऑफ द एमिरेट्समधलं स्की दुबई २००५ पासून चालू आहे. तापमान शून्याखाली एक-दोन अंश, सर्वांत लांब उतार ४०० मीटरचा, खुर्ची चार जणांची. उतारावर सोडण्याआधी थांबता-वळता येतं का ते बघतात, म्हणून धड्याची वेळ आधी घ्या. गुलमर्गला गोंडोलाचा, म्हणजे दोरावरून जाणाऱ्या बंद डब्यांचा, पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत जातो आणि चेअरलिफ्ट तिथून पुढे वर निघते. समुद्रसपाटीवरून येऊन एकदम तीन हजार मीटरवर दम लागतो, पहिला दिवस हलका ठेवा. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, तेव्हा गटात निदान दोघांकडे पोस्टपेड हवं. गोंडोलाची तिकिटं निघण्याआधीच ऑनलाइन काढा. आणि पट्टा असेलच असं धरून कुठेही जाऊ नका. नसेल तिथे खुर्ची गेल्याबरोबर स्वतः घसरत रेषेवर जाऊन उभं राहायचं असतं, तेही प्रशिक्षकाकडून शिकून घ्या. युरोपात लिफ्टचा पास बहुतेकदा डाव्या खिशात ठेवावा लागतो, कारण प्रवेशाच्या फाटकावर पास वाचणारं यंत्र डावीकडे असतं. त्याच खिशात मोबाइल नको.

प्रत्यक्ष पट्ट्यावर जायच्या आधी रांगेतच कोण कुठे बसणार ते ठरवा. लोकलमधल्या चौथ्या सीटसारखं इथे सरकून घेता येत नाही. प्रत्येकाची रेघ ठरलेली असते. पोल्सचे, म्हणजे स्कीच्या काठ्यांचे, पट्टे मनगटातून काढून दोन्ही पोल्स एका हातात धरा, टोकं पट्ट्याला लागू देऊ नका. पट्ट्याच्या तोंडाशी असलेलं फाटक येणाऱ्या खुर्चीच्या हिशोबाने उघडतं, म्हणून उघडल्याबरोबर निघा. दोन सेकंद रेंगाळलात, तर खुर्ची तुम्हाला ठरल्या जागेच्या आधीच गाठते. फाटक बंद होऊ लागलं, तर मागेच राहा, पुढची खुर्ची येतेच. स्की सरळ समांतर ठेवा. वेग कमी करायला टोकं जुळवून मागे फाकवाल, तर एक स्की पट्ट्यावर आणि दुसरी कडेच्या बर्फावर जाते, आणि गुडघा पिळतो. स्नोबोर्डवाल्यांनी मागचा पाय बाइंडिंगमधून, म्हणजे बूट बोर्डला जखडणाऱ्या पकडीतून, मोकळा करून यायचं. पट्ट्यावर ताजा बर्फ साचलेला दिसला, तर ऑपरेटर झाडेपर्यंत थांबा, कारण त्या थरावर स्की रबराला धरत नाही.

पडलात, तर उठायची धडपड नको. कडेला लोळता आलं तर लोळा. नाही तर डोकं खाली ठेवून सपाट पडून राहा, खुर्ची वरून जाऊ शकते आणि ऑपरेटर लिफ्ट थांबवतो. मदतीला धावणारा सोबती स्वतः खुर्चीखाली येतो, हे गटातल्या सर्वांना आधीच सांगून ठेवा.

मुलांची उंची घरीच मोजा. युरोपात बऱ्याच ठिकाणी १.२५ मीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला खुर्चीवर मोठ्या माणसासोबतच बसवतात. काही ठिकाणी मुलं आली की पट्टा वर उचलला जातो, म्हणजे खुर्ची त्यांच्या उंचीला येते. तशी सोय आहे का ते रांगेतच विचारा आणि मुलाला ऑपरेटरच्या बाजूला बसवा.

बसल्यावर शेजाऱ्यांची डोकी बघून दांडा खाली घ्या, आणि वरच्या ठाण्याआधी पाटी दिसली की वर करा. उतरायच्या जागी पट्टा क्वचितच असतो, बहुधा बर्फाचा छोटा उतारच असतो. दादरला उतरायचं तर सायनलाच उठून दाराशी जायची आपली सवय, पण इथे स्की बर्फाला टेकायच्या आत उठलात तर खाली पडाल. स्कीची टोकं वर धरा, तळ बर्फाला टेकू द्या, खुणेच्या रेषेवर उभे राहा आणि खुर्चीला हलकंसं मागे सारून सरळ घसरत जा. निदान दहा मीटर पुढे जाऊन, बाजूला होऊन मगच थांबा, कारण मागची खुर्ची काही सेकंदांतच तिथे उतरणार असते.