असाइनमेंटमध्ये वाङ्मयचौर्य कसं टाळावं

वाङ्मयचौर्याची, म्हणजे दुसऱ्याचं लेखन किंवा विचार आपलेच म्हणून देण्याची, सुरुवात बहुतेक वेळा टिपणांतच होते. एखादा परिच्छेद ‘नंतर बदलू’ म्हणून फाइलमध्ये चिकटवला जातो, काही दिवसांनी तो कुठून घेतला ते आठवत नाही आणि तसाच सबमिट होतो. म्हणून आधी टिपणांची शिस्त लावा.

काही उतरवून घेण्याआधी लेखकाचं नाव, वर्ष, शीर्षक आणि पान क्रमांक लिहा. ऑनलाइन मजकूर असेल तर लिंकही. जसंच्या तसं घेतलेलं वाक्य तिथल्या तिथे अवतरणचिन्हांत टाका. स्वतःला सुचलेलं वेगळ्या रंगात लिहा. झोटेरोसारखं मोफत सॉफ्टवेअर संदर्भ साठवतं आणि संदर्भसूचीही करून देतं, मात्र त्यातली नावं आणि वर्षं एकदा स्वतः तपासा.

पुढची पायरी म्हणजे वाचलेलं स्वतःच्या शब्दांत मांडणं. सगळ्यात जास्त गफलत इथेच होते. समजा, मूळ वाक्य आहे: ‘झोप अपुरी झाली की मेंदूला नवीन माहिती साठवणं अवघड जातं.’ त्याचं कुणी असं केलं: ‘निद्रा कमी झाली की मेंदूला नवी माहिती जपून ठेवणं कठीण जातं.’ शब्द बदलले, वाक्याचा सांगाडा तोच राहिला. खाली संदर्भ दिला तरी ही नक्कलच. त्याऐवजी पुस्तक मिटा, मित्राला समजावून सांगितल्यासारखं लिहा, मग मूळ मजकुराशी ताडून पाहा: ‘रात्र जागून केलेला अभ्यास लक्षात का राहत नाही, याचं उत्तर लेखिकेच्या मते अपुऱ्या झोपेत आहे.’ आणि लगेच संदर्भ द्या. शब्द तुमचे असले तरी विचार तिचाच आहे.

पाणी शून्य अंश सेल्सिअसला गोठतं, अशा सर्वज्ञात गोष्टींना संदर्भ लागत नाही. शंका असेल तिथे द्यावा.

संदर्भाची पद्धत विभागाला विचारून घ्या. एपीए पद्धतीत मजकुरात लेखक आणि वर्ष येतं, एमएलएमध्ये लेखक आणि पान क्रमांक. एपीएमध्ये 40 किंवा त्याहून जास्त शब्दांचं अवतरण वेगळ्या परिच्छेदात, अवतरणचिन्हांशिवाय देतात.

आपलीच जुनी असाइनमेंट दुसऱ्या विषयासाठी न विचारता पुन्हा देणं हेही बऱ्याच विद्यापीठांत गैर धरलं जातं. एआयचंही विचारूनच ठरवा. परवानगी असेल तर कुठे वापरलं ते स्पष्ट लिहा, आणि त्यानं सुचवलेला प्रत्येक संदर्भ खरोखर अस्तित्वात आहे का ते शोधून पाहा. अस्तित्वात नसलेले लेख तो बिनदिक्कत सांगतो.

टर्निटिन या मजकुराचं साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरच्या टक्क्यांनी घाबरू नका, निश्चिंतही होऊ नका. ते फक्त जुळणारा मजकूर दाखवतं. नीट दिलेली अवतरणंही त्यात मोजली जाऊ शकतात, आणि उचललेली कल्पना मात्र निसटू शकते. म्हणून रिपोर्टमधली रंगवलेली प्रत्येक ओळ उघडून बघा.

वेळ अपुरा पडतोय असं दिसलं, तर शेवटच्या रात्री कुणाची फाइल मागू नका. आदल्या दिवशीच शिक्षकांना मेल करून मुदत वाढवून मागा, आणि जेवढं काम झालंय तेवढं सोबत जोडा.