आयसीयूत नवीन आहात? आधी सिरींज पंप समजून घ्या

जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग झाल्यावर पहिलंच पोस्टिंग आयसीयूला लागलं की सगळ्यांना धास्ती असते व्हेंटिलेटरची. मला विचाराल तर आधी सिरींज पंप शिका, म्हणजे सिरींजमधलं औषध ठरलेल्या रेटने सतत आत सोडणारं मशीन. सकाळ-संध्याकाळची अँटिबायोटिक्स चार्ट बघून, रिस्टबँडवरचं नाव-नंबर जुळवून द्यायची असतात, त्यात हात लवकर बसतो. (सही मात्र दिल्यावरच, आधी करून ठेवायची नाही.) घोळ होतात ते चालू असलेल्या ड्रिप्समध्ये.

आता नॉरअ‍ॅडच घ्या. म्हणजे नॉरअ‍ॅड्रेनलिन, बीपी वाढवणारं औषध. कोणी 50 मिलीत 4 मिलिग्रॅम करतं, म्हणजे 1 मिलीत 80 मायक्रोग्रॅम, कोणी डबल स्ट्रेंथ 8 करतं, त्यामुळे ओव्हर (मागच्या शिफ्टकडून पेशंट) घेताना नुसता पंपावरचा रेट बघून भागत नाही, सिरींजवरचं लेबल वाचायचं आणि लाइन बोटात धरून पंपापासून थेट सेंट्रल लाइनच्या (मोठ्या शिरेत घातलेल्या नळीच्या) लुमेनपर्यंत, म्हणजे तिच्यातल्या ज्या वाटेने औषध जातं तिथपर्यंत जायचं. त्या लुमेनमधून दुसरं काही पुश करायचं नाही, फ्लश तर अजिबात नाही, नळीत उरलेलं सगळं एकदम आत जातं आणि बीपी कुठच्या कुठे चढतं. पुढची सिरींज आधीच भरून ठेवा. पंप ओरडायला लागल्यावर अँप्युल शोधायचं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं.

इन्सुलिनचा हिशोब तर पाठच करा. 50 मिली एनएसमध्ये (नॉर्मल सलाइनमध्ये) 50 युनिट घालायचे, तर 40 च्या (1 मिलीत 40 युनिटच्या) व्हायलमधून सव्वा मिली आणि 100 च्या व्हायलमधून अर्धाच मिली. सिरींजसुद्धा वेगळ्या, 40 ची लाल टोपीची, 100 ची केशरी. अदलाबदल झाली तर डोस अडीच पट इकडे नाहीतर तिकडे.

केसीएल (पोटॅशियम क्लोराइड) कधीच डायरेक्ट पुश नाही, डायल्यूट करून हळूहळूच, हे वेगळं सांगायला नको.

डबल चेकला शेजारच्या स्टाफला "बरोबर आहे ना गं?" असं विचारू नका, घाईत कोणीही हो म्हणतं. तिला ऑर्डर दाखवा, व्हायल दाखवा आणि तिचा हिशोब तिलाच करू द्या, मग आकडे जुळवा. तेवढ्यात नातेवाईक "सिस्टर, जरा" करत आले तरी हातातलं भरून, लेबल लावून झाल्यावरच वळायचं, राग आला तर येऊ दे.

आणि इमर्जन्सीत तोंडी ऑर्डर आली तर औषधाचं नाव आणि आकडा मोठ्याने परत म्हणा. गडबडीत फिफ्टीन आणि फिफ्टी सारखंच ऐकू येतं. पेशंट स्टेबल झाला की डॉक्टर युनिटमधून जायच्या आत चार्टवर लिहून घ्या, नंतर त्यांना फोन करत बसावं लागतं.