आई-बाबांची अमेरिकन सिटिझनशिप टेस्ट: घरी तयारी कशी करून घ्यायची

आपल्या आई-बाबांना, सासू-सासऱ्यांना नागरिकशास्त्र शिकवायची खरं तर काही गरज नसते. न्यू जर्सीत बसून रोज रात्री मराठी बातम्या बघणाऱ्या माणसाला राज्यसभेवर कोण जाणार हे आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं. अडतं ते दुसरीकडेच, समोरचा ऑफिसर भरभर काय बोलला ते कानाला कळत नाही आणि फॉर्मवरचं कोर्टछाप इंग्रजी डोक्यावरून जातं. पण बहुतेक घरांत तयारी म्हणजे काय तर प्रश्नांची पीडीएफ प्रिंट करून हातात द्यायची, "हे पाठ करा" म्हणायचं आणि आपण ऑफिसला जायचं. पाठ होतं हो, त्या पिढीने पाढे आणि रामरक्षा पाठ केलेली आहे, प्रश्न तो नाहीच.

आधी टेस्ट काय आहे ते बघू. एन-४०० फॉर्म, म्हणजे नागरिकत्वाचा अर्ज, २० ऑक्टोबर २०२५ ला किंवा त्यानंतर भरला असेल तर नवीन टेस्ट लागू. सिव्हिक्सच्या, म्हणजे अमेरिकन नागरिकशास्त्राच्या १२८ प्रश्नांची यादी, त्यातले जास्तीत जास्त २० तोंडी विचारणार, १२ बरोबर आले की पास आणि ९ चुकले की तिथेच थांबवतात. त्याआधी फॉर्म गेला असेल तर जुनी, १०० ची यादी, १० विचारणार, ६ बरोबर हवेत. व्हॉट्सॲप ग्रुपवर अजूनही जुन्या यादीच्या पीडीएफ फिरतायत, त्यामुळे यादी यूएससीआयएसच्या, म्हणजे अमेरिकन इमिग्रेशन खात्याच्या साइटवरूनच घ्या. सिव्हिक्सशिवाय इंग्रजीची वेगळी परीक्षा, म्हणजे तीनपैकी एक वाक्य वाचून दाखवायचं, तीनपैकी एक ऐकून लिहायचं, आणि बोलणं ते फॉर्मवरच्या प्रश्नोत्तरांतूनच तपासतात. एखादा भाग राहिला तर ६० ते ९० दिवसांत तेवढ्याच भागासाठी परत बोलावतात, त्याची वेगळी फी नाही. हे घरी पहिल्याच दिवशी सांगून टाका, अर्धं टेन्शन तिथे जातं.

आता वयाची सूट, कारण यात घोळ खूप आहे. "पासष्ट झाली की सोपी टेस्ट" असं कोणीतरी मंडळाच्या गणपतीत सांगतं, पण नुसत्या वयाने काही मिळत नाही, वयाबरोबर ग्रीन कार्डाची वर्षं पण मोजतात. वय ५० आणि ग्रीन कार्ड २० वर्षं, किंवा ५५ आणि १५ वर्षं, असं असेल तर इंग्रजी माफ, सिव्हिक्स मराठीत, दुभाषा घेऊन. ६५ आणि २० वर्षं असेल तर यादी पण फक्त २० प्रश्नांची, १० विचारतात, ६ लागतात. मुलांनी स्पॉन्सर केलेले आई-बाबा साधारण साठीनंतर येतात, त्यामुळे पाच वर्षं झाल्या झाल्या अर्ज करणाऱ्यांना यातलं काहीच लागू होत नाही आणि पूर्ण टेस्ट इंग्रजीतच द्यावी लागते. डिमेन्शिया वगैरे खरा मेडिकल प्रॉब्लेम असेल तर डॉक्टरने भरायचा एन-६४८ फॉर्म आहे, तो वेगळा विषय.

माझं मत, सुरुवात १२८ प्रश्नांनी करूच नका, एन-४०० ने करा. कारण इंटरव्ह्यूचा मोठा भाग तिथेच जातो आणि गडबड पण तिथेच होते. फॉर्मची कॉपी घ्या, मराठीत बसून एकेक प्रश्नाचा अर्थ नीट समजावा, आणि मगच इंग्रजीत विचारायला लागा. "हॅव यू एव्हर" ने सुरू होणाऱ्या प्रश्नांची लांबलचक रांग आहे, दहशतवाद, नरसंहार, छळ, खोटं बोलून व्हिसा, टॅक्स, आणि सगळ्यांचं उत्तर "नो". वीस-पंचवीस वेळा "नो" म्हटल्यावर तोंडाला सवय लागते, आणि मग शेवटी येतं "डू यू सपोर्ट द कॉन्स्टिट्यूशन", त्यालाही काकू त्याच लयीत "नो" म्हणून मोकळ्या. म्हणून प्रॅक्टिसमध्ये प्रश्न कायम उलटसुलट क्रमाने विचारा आणि "नो" नंतर कधीतरी मध्येच "व्हॉट डझ दॅट मीन?" टाका, ऑफिसर खरंच असं विचारतात. "टेररिस्ट म्हणजे काय" याला व्याख्या नको, "बॅड पर्सन, किल्स पीपल, बॉम्ब" एवढं सुचलं तरी समजलंय हे दिसतं.

आणि मान! आपली ती गोल हलणारी मान ऑफिसरला हो वाटते की नाही काही सांगता येत नाही. मान स्थिर ठेवून तोंडाने "येस" किंवा "नो" म्हणायचं, यावर खास वेगळा सराव लागतो, हसू नका.

फॉर्मवरच्या काही प्रश्नांवर मात्र पाठ केलेलं "नो" देऊन टाकू नका, आधी घरात शांतपणे विचारा. कधी अटक किंवा डिटेन झालाय का, हा प्रश्न जगातल्या कुठल्याही देशाबद्दल आहे. आणीबाणीत पकडलेले, महागाईच्या मोर्च्यात किंवा रास्ता रोकोत पोलिसांनी गाडीत घालून संध्याकाळी सोडून दिलेले, असे कितीतरी बाबा-काका आहेत, आणि त्यांच्या डोक्यात ती "अटक" नसतेच, कॉलेजच्या दिवसांतला किस्सा असतो. तसंच कम्युनिस्ट पक्षाशी किंवा संघटनेशी संबंध होता का हा प्रश्न. गिरणगावात लालबावट्याच्या युनियनची पावती फाडलेली असेल, तर त्याचं काय करायचं हे फॉर्म भरायच्या आधी इमिग्रेशन वकिलाला विचारा, इंटरव्ह्यूच्या खुर्चीत बसून ठरवायची ही गोष्ट नाही. तिसरा प्रश्न मतदार नोंदणीचा. ड्रायव्हिंग लायसन्स काढताना काउंटरवर फॉर्म पुढे करतात, माणूस न वाचता सही करतो, आणि सिटिझन नसताना मतदार यादीत नाव गेलं तर ते भयंकर महागात पडू शकतं. हे सुद्धा आधीच तपासा.

"बेअर आर्म्स" वाला प्रश्न बहात्तर वर्षांच्या आजोबांना हमखास घाबरवतो, मला बंदूक देणार का म्हणून. समजावायचं की कायद्याने गरज पडली तर देशासाठी हत्यार उचलायची तयारी आहे का असं विचारतायत, उद्या कोणी बोलावत नाहीये. पण धर्माने किंवा मनापासूनच्या श्रद्धेने ते खरंच मान्य नसेल तर त्यासाठीही कायद्यात वेगळी सोय आहे, तेव्हा जबरदस्तीने "येस" पाठ करून घेऊ नका.

मग सिव्हिक्स. इथे आई-बाबांच्या डोक्यात आधीच असलेला भारत वापरायचा, पण जपून, कारण काही जोड्या मस्त जुळतात आणि काही दगा देतात. सिनेट आणि राज्यसभा घ्या, दोन्हीकडे ६ वर्षांची मुदत, दोन्हीकडे दर २ वर्षांनी साधारण एक तृतीयांश जागांचा फेरा, दोन्हीकडे अध्यक्षपदी उपराष्ट्रपती. हे सांगितलं की ६ हा आकडा पाठ करावा लागत नाही. पण राज्यसभेत महाराष्ट्राचे १९ आणि गोव्याचा १, तर इथे कॅलिफोर्निया असो की छोटंसं डेलावेअर, प्रत्येकी २ च, म्हणून ५० राज्यांचे १००. आणि राज्यसभेला आमदार मतं देतात, सिनेटरला थेट लोक निवडतात. नवीन यादीत "प्रत्येक राज्याला दोनच सिनेटर का" असे "का" वाले प्रश्न आहेत, ते या तुलनेने पटकन लक्षात राहतात, लहान राज्यांनाही सारखा मान मिळावा म्हणून, संपलं.

दगा देणारी जोडी म्हणजे गव्हर्नर. आपल्याकडे राज्यपाल दिल्लीहून येतो, शपथ देतो आणि लोकभवनात (पूर्वीचं राजभवन) राहतो, कारभार मुख्यमंत्र्याचा. इथला गव्हर्नर लोकांनी निवडलेला असतो आणि राज्य तोच चालवतो, म्हणजे मुख्यमंत्रीच समजा. प्रेसिडेंटचंही तसंच, आपले राष्ट्रपती डोक्यात ठेवले तर "कमांडर इन चीफ कोण" याचं उत्तर येतं, पण रोजचा कारभार कोण बघतं यावर माणूस पंतप्रधान शोधत बसतो. सुप्रीम कोर्टाचे जज आपल्याकडे ६५ ला रिटायर होतात, इथे ९ जण आणि नेमणूक तहहयात. आणि "काँग्रेस" म्हणजे इथे पक्ष नाही, सिनेट आणि हाउस मिळून जी संसद होते ती, हे एकदा सांगून भागत नाही, चार वेळा सांगावं लागतं, एका काकांनी तर "आय ॲम नॉट काँग्रेस पीपल" असं ठणकावून सांगितलं होतं.

अमेरिकन घटनेच्या सुरुवातीच्या "वी द पीपल" ला मात्र थांबा. "आम्ही भारताचे लोक" हे शाळेच्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर वाचलेलं असतं, तेच हे. अमेरिकेची घटना १७८७ ची, आपली २६ जानेवारी १९५० पासून लागू, आणि बाबासाहेब १९१३ मध्ये न्यूयॉर्कला कोलंबिया युनिव्हर्सिटीत शिकायला आले होते हे सांगितलं की बाबा स्वतःच पुढे बोलायला लागतात. बोलू द्या. मराठीत दहा मिनिटं चर्चा होऊ दे आणि मग म्हणा, आता यातलं एक वाक्य इंग्रजीत. "पीपल मेक गव्हर्नमेंट" एवढं आलं तरी सुरुवातीला चालेल, नंतर यादीतल्या "सेल्फ-गव्हर्नमेंट" वर या.

सगळी उत्तरं पाठ करायची पण गरज नाही. कितीतरी प्रश्नांना पाच-सहा उत्तरं दिलेली असतात आणि हवं असतं एकच. प्रत्येकाने आपल्या जिभेला सोपं जाईल ते निवडायचं. "अमेरिकेतला एक शोध सांगा" याला आजोबा "लँडिंग ऑन द मून" म्हणणार कारण ते त्यांनी रेडिओवर ऐकलंय, आजी "लाइट बल्ब". दोघांची वही वेगळी ठेवा. सिनेटर, गव्हर्नर, स्पीकर यांची नावं मात्र इंटरव्ह्यूच्या आठवड्यात परत तपासा, निवडणुका होतात आणि उत्तरं बदलतात.

नवरा-बायको दोघं शिकत असतील तर वेगळ्या खोल्यांत बसवा. हे मी अगदी कळकळीने सांगतोय. प्रश्न काकूंना विचारला की काका आधी उत्तर देणार, मग "अगं सांग ना" म्हणणार, आणि काकू कायम गप्प. इंटरव्ह्यूला काका आत नसतात.

वाचन-लेखनाला फार वेळ देऊ नका, शब्दांची यादी ठरलेली आहे आणि छोटी आहे, वॉशिंग्टन, लिंकन, अलास्का, काही महिने, काही सण. वाचन टॅब्लेटवर, लिखाणही टॅब्लेटवरच, स्टायलसने, आणि वहीवर सुरेख अक्षर काढणारी आजी काचेवर पेन घसरतं म्हणून गोंधळते, तर घरच्या आयपॅडवर नातवाकडून डिक्टेशन घ्यायला लावा. एखादं स्पेलिंग चुकलं पण अर्थ कळतोय तर चालतं. शॉर्टफॉर्म लिहू नका.

कानाचा सराव रोजचा हवा, रोज वीस मिनिटं पुरतात पण आवाज बदलता पाहिजे. आपला मराठी वळणाचा इंग्रजी उच्चार त्यांना कळतो, तोच घोटाळा आहे. नातवंडांना ऑफिसर करा, शेजारच्या अमेरिकन बाईंना पाच प्रश्न व्हॉइस नोटमध्ये पाठवायला सांगा, लोक आनंदाने करतात. गावच्या पब्लिक लायब्ररीत सिटिझनशिपचा क्लास असेल तर नक्की पाठवा, तिथे स्पॅनिश, चायनीज लोकांशी मोडक्या इंग्रजीत बोलावंच लागतं, घरी ती वेळच येत नाही. आणि तीन वाक्यं आधी घोटून घ्या, "कॅन यू प्लीज रिपीट?", "कॅन यू स्पीक स्लोली?", "आय डोंट अंडरस्टँड दॅट वर्ड". परत विचारलं तर मार्क कापतील अशी शाळेतली भीती असते, ती काढा. न कळता "येस येस" म्हणणं जास्त वाईट.

गप्पांनाही इंटरव्ह्यूच समजायचं, "हाउ इज द वेदर", "हू केम विथ यू" हे ऑफिसर कॉरिडॉरमधून चालतानाच विचारतो. भारतवाऱ्यांच्या तारखा पण तोंडपाठ हव्यात, विशेषतः कुठली वारी सहा महिने किंवा जास्त झाली असेल तर तिचं कारण दोन वाक्यांत सांगता आलं पाहिजे, आणि त्याचा अर्जावर काय परिणाम होतो ते फॉर्म भरायच्या आधी बघून घ्या.

ओथचा अर्थ मात्र मराठीतच समजावा, आणि टेस्टच्या बऱ्याच आधी. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, शपथ घेतली की भारतीय नागरिकत्व जातं, पासपोर्ट सरेंडर करायचा आणि मग ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांसाठीचं कार्ड, काढायचं. ओसीआयवर भारतात मतदान नाही, नवीन शेतजमीन विकत घेता येत नाही, वारसाने आलेली ठेवता येते. काही जणांना हे ऐकल्यावर ग्रीन कार्डच बरं वाटतं, तेही ठीक आहे, निर्णय त्यांचा. पास झाले तरी शपथविधी होईपर्यंत सिटिझन नाहीत, त्यामुळे मतदार नोंदणीचा फॉर्म सर्टिफिकेट हातात आल्यावरच भरायचा.