वारशाच्या जागेवरून अ‍ॅस्बेस्टॉस काढताय? या चुका टाळा

ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यात बर्युलगिल हे बुंजालुंग या आदिवासी लोकांचं गाव आहे. जवळच्या खाणीतून पांढरं अ‍ॅस्बेस्टॉस निघायचं आणि तिथे राबायला गावचीच माणसं असत. 1979 साली खाण बंद झाली, पण तोवर तिचा चुरा भर म्हणून गावात पसरला होता. इतरत्र जुन्या मिशन-वस्त्यांतल्या (जिथे आदिवासींना ठेवलं जायचं) फायब्रोच्या, म्हणजे अ‍ॅस्बेस्टॉस-सिमेंटच्या पत्र्यांच्या, पडक्या घरांचे तुकडे मातीत मिसळलेले सापडतात.

अशा जागी सर्वात महाग पडणारी चूक म्हणजे थेट मशीन लावून वरची माती खरवडणं. कंत्राटदाराला ते सोयीचं जातं. पण दगडी हत्यारं, शिंपल्यांचे थर, जुन्या चुलींच्या खुणा त्याच वीतभर मातीत असतात, आणि डंपरमधून गेलेली माती कोणी परत आणून देत नाही. राज्याच्या 1974 च्या कायद्याने अशा वस्तूंना परवान्याशिवाय हात लावणं गुन्हा आहे, नकळत झालं तरी. म्हणून आधी वस्तीतल्या वडीलधाऱ्यांना आणि पुरातत्त्वज्ञाला सोबत घेऊन जागेचे चौकोन आखा. मग माती ओली करून तुकडे हाताने वेचा. खोलवर असतील तर जिओटेक्स्टाइल (जमिनीवर अंथरायचं कृत्रिम कापड) आणि स्वच्छ माती टाकून जागीच झाकणं अनेकदा शहाणपणाचं. मात्र त्याची नोंद नकाशावर हवीच, नाहीतर पुढे कुंपणाचा खांब रोवताना कोणीतरी तेच उकरून काढतं.

पुरातत्त्वज्ञही इथे चुकू शकतात. माती कोरडी चाळायची सवय हाताला असते आणि अ‍ॅस्बेस्टॉसचे घातक तंतू हवेत उडतात. ओलीच चाळा, पी-2 मास्क लावून. सापडलेली वस्तू ओल्या फडक्याने पुसून वेगळी ठेवा. ती कुठे राहील हे वस्तीनेच ठरवायचं.

दहा चौरस मीटरपर्यंतचे घट्ट अ‍ॅस्बेस्टॉस-पत्रे काढायला परवाना लागत नाही, ही सवलत भुगा झालेल्या मालाला लागू नाही. त्याला ‘अ’ वर्गाचाच परवानाधारक हवा. प्रेशर वॉशर तर चुकूनही नको. (आपल्याकडे अ‍ॅस्बेस्टॉस-सिमेंटचे पत्रे आजही सर्रास चढतात, म्हणून मराठी डोळा इथे जरा बेफिकीर असतो. ऑस्ट्रेलियात 2003 च्या अखेरीपासून पूर्ण बंदी आहे.)

साफ केलेल्या जागी पावसानंतर पुन्हा तुकडे दिसले, तर वेचत बसण्याआधी पाणी कुठल्या उतारावरून येतंय ते शोधा. जागा मोकळी झाल्याचा दाखला स्वतंत्र तपासनिसाकडून घ्या, काम केलेल्या कंत्राटदाराकडून नव्हे.